वरचे चोवीस

संध्याकाळी मी घरी आले की आई आधी माझ्या हातांकडे बघायची आणि मग विचारायची, "आज कोणाला मारून आलीस?"

तिचं काही चुकत नव्हतं. गाझियाबादहून गुडगावला मी रोज दोन खाजगी बस बदलून जायचे, आणि त्या बसमध्ये गर्दीचा फायदा घेऊन हात फिरवणाऱ्यांना तोटा नव्हता. मी आरडाओरडा करत बसायचे नाही. वळायचे आणि कानाखाली वाजवायचे. एकदा स्टीलचा डबा एकाच्या नाकावर असा बसला की रक्त त्याच्या पांढऱ्या शर्टावर आणि डब्यातली मटकीची उसळ माझ्या ओढणीवर. मला वाईट वाटलं ते उसळीचं. बाबा केंद्र सरकारच्या एका खात्यात आयुष्यभर नम्र निवेदनं लिहीत आलेले. ते म्हणायचे, "अगं, नोकरीला जातेस की आखाड्यात?" मी म्हणायचे, "दिल्लीत दोन्ही एकच आहे, बाबा."

ही फुशारकी नाही. मला मार द्यायची सवय होती, घ्यायची नव्हती, आणि पुढचं कळायला एवढं माहीत असलेलं बरं. ज्या आकड्याने एका भल्या माणसाची उजव्या हाताची चार बोटं गेली, तो आकडा मी याच हातांनी भरला होता.

नव्वदीचं दशक सरत आलं होतं. परदेशी कंपन्यांच्या गाड्या रस्त्यावर येत होत्या आणि त्यांचे सुटे भाग बनवणारे कारखाने मानेसरला एकामागून एक उभे राहत होते. आमचं ऑफिस म्हणजे गुडगावातल्या एका कोठीचं, म्हणजे बंगल्याचं, तळघर. पाच माणसं, चार कॉम्प्युटर, एक कूलर. जुन्या यंत्रांना नवं डोकं बसवून देणं हा आमचा धंदा. मालकाला आम्ही सर म्हणायचो. सर सगळ्यांना बेटा म्हणायचे आणि बेटा म्हणत म्हणत गाढवासारखं राबवायचे.

मानेसरच्या एका कारखान्याने पुण्याहून एक जुना प्रेस आणला होता. काळा, तेलकट, पार छताला टेकेल एवढा. पत्रा आत ठेवायचा, पायाने पेडल दाबायचं, की वरून लोखंडाचा भलामोठा ठोकळा खाली आदळायचा आणि पत्रा साच्याच्या आकाराचा व्हायचा. तो आदळला की पायाखालची फरशी हलायची आणि चहाच्या ग्लासात वर्तुळं उठायची. पहिल्या दिवशी मी प्रत्येक दणक्याला दचकले. चौथ्या दिवशी त्याच तालावर मान डोलवत काम करत होते.

प्रेसबरोबर त्यावर बसणारा ऑपरेटरही पुण्याहूनच आणला होता. पिंपरीत पंधरा वर्षं याच प्रेसवर काढलेला, चाळिशी ओलांडलेला माणूस. मी त्यांना दादा म्हणायचे, ते मला ताई. परमुलखात मराठी ऐकून त्यांना आनंद झाला आणि माझं मराठी ऐकून हसू आलं. मी म्हटलं, "दादा, तो वरचा पार्ट जो नीचे येतो ना, बिल्कुल त्याच्याबद्दल बोलतेय मी." ते म्हणाले, "ताई, त्याला दट्ट्या म्हणतात. दिल्लीनं दट्ट्यापण विसरायला लावला होय तुम्हाला?" विसरायला आधी माहीत तर हवा! त्या दिवसापासून माझ्या तोंडी दट्ट्या बसला. मी त्यांना सांगितलं होतं की कोपर्निकस मार्गावरच्या आपल्या राज्याच्या अतिथीगृहाच्या कॅन्टीनमध्ये थालीपीठ मिळतं. तेव्हापासून दर खेपेला विचारायचे, "बायको येऊ दे गावाहून, मग जाऊ सगळे. नक्की ना, ताई?"

आता यंत्राचं थोडं सांगावंच लागेल, नाहीतर माझा गुन्हा कळायचा नाही.

पेडल दाबल्यावर दट्ट्या लगेच पडत नसे. हात बाहेर काढता यावा म्हणून मध्ये थोडा वेळ ठेवलेला असे. मूळ प्रेसला खरं तर दोन बटणं होती, दोन्ही हातांनी एकदम दाबायची. दोन्ही हात बटणांवर, म्हणजे एकही हात आत नाही. ती बटणं इथल्या सुपरवायझरने काढायला लावली, कारण पेडलने तासाला माल जास्त निघतो. आता पायाने दाब आणि हात काढ, एका दमात. खट्, मध्ये एक श्वास, मग धाड. तो मधला श्वास आमचं सॉफ्टवेअर मोजायचं. समोर एक पॅनेल होतं, म्हणजे साधा पीसीच, त्यावर आम्ही आकडे भरायचो. पॅनेल ते आकडे तारेतून प्रेसच्या खांबावरच्या कंट्रोलरला पाठवायचं आणि कंट्रोलर दट्ट्या सोडायचा. दोघांच्या आतल्या चिपा वेगवेगळ्या घराण्यांतल्या. पुण्याच्या जुन्या कागदावर या वेळेसाठी सातशे एक्काहत्तर मिलिसेकंद लिहिलं होतं, म्हणजे पाऊण सेकंदाला थोडं जास्त. एवढंच का, कोणाला माहीत नव्हतं. आम्ही ऑफिसातली सगळी चाचणी त्याच आकड्यावर केली आणि तोच इथे भरला.

पॅनेलपासून कंट्रोलरपर्यंतचा कोड माझा. सरांची शिकवण अशी की आकड्यांची यादी मेमरीत जशी बसली आहे तशी उचलायची आणि तारेवर टाकायची. "एक लाइन का काम है, बेटा, कॉपी मार और भेज." मी मारली कॉपी. ऑफिसात चाचणीसाठी आणलेला कंट्रोलर पहिल्याच दिवशी लाल दिवा लावून मेला. दोन दिवस डोकं आपटल्यावर कळलं की त्या चिपला मोठा आकडा मेमरीतल्या सम क्रमांकाच्या घरापासून सुरू झालेला लागतो. विषम घरात ठेवला की ती तिथल्या तिथे काम टाकून देते. पॅनेलच्या चिपला असले नखरे नव्हते, तिला कुठूनही द्या, ती गिळायची. आमच्या यादीत पहिल्या, म्हणजे शून्य क्रमांकाच्या घरात साच्याचा क्रमांक होता आणि त्याला चिकटून एक क्रमांकाच्या घरापासून वेळेचा आकडा, म्हणून सगळा घोळ. मी मध्ये एक रिकामं घर सोडलं आणि दिवा हिरवा झाला. काय मिरवलं मी ते रिकामं घर! ऑफिसात समोसे मागवले.

तेव्हाच सरांना म्हटलं होतं, "सर, दोन चिपांमधलं बाकीचंही एकदा तपासून घेऊ का? आणखी काही वेगळं असेल तर?" सर म्हणाले, "चल रहा है ना? तो छेड़ मत." आणि समोसे गरम होते. मी काही छेडलं नाही.

चार महिने प्रेस बिनबोभाट चालला. मग नवा साचा आला, मोठा आणि खोल. त्यात पत्रा सरकवून सारखा करायला हात पार आतपर्यंत घालावा लागायचा. त्या दिवशी मी दुसऱ्याच कामासाठी मानेसरला गेले होते. शेडमध्ये पाऊल टाकते तर सुपरवायझर दादांना भिंतीशी दाबून उभा. एका हातात स्टॉपवॉच, दुसऱ्या हाताने दादांची कॉलर. दादा म्हणत होते, "साब, टाइम बढ़ाओ. हाथ निकलता नहीं है." आणि तो म्हणत होता, "हाथ नहीं निकलता तो पुणे निकल." एवढं बोलून त्याने दादांच्या डोक्यावर टपली मारली, लहान पोराला मारतात तशी. चाळीस माणसं बघत होती.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी हातातली फाइल त्याच्या तोंडावर मारली. पुठ्ठ्याची कड गालाला लागून रक्त आलं. तो माझ्या अंगावर आला, मी त्याच्या स्टॉपवॉचची दोरी मनगटाला गुंडाळून खेचली, घड्याळ फरशीवर पडून फुटलं. मध्ये दोन-तीन कामगार पडले म्हणून निभावलं. "मैडम पागल है!" तो ओरडत बाहेर गेला, बहुधा मॅनेजरकडे. खोटं कशाला बोलू, मजा आली होती.

"दादा, किती करू?" मी पॅनेलची किल्ली फिरवत विचारलं. वेळ बदलायचा पासवर्ड माझ्याकडेच होता.

"हजार करा, ताई. हजारात हात निवांत निघेल."

"हजार काय मागता? एक हजार चोवीस घ्या. वरचे चोवीस माझ्याकडून."

आमच्या धंद्यात एक हजार चोवीस हाच गोल आकडा. तुम्हाला शंभर, हजार जसे जिभेवर येतात, तसे आम्हाला दोनशे छप्पन्न, पाचशे बारा, एक हजार चोवीस. माझी बोटं हजार लिहायला जातच नव्हती. शिवाय त्या क्षणी मी जिंकले होते आणि जिंकलेल्या माणसाचा हात सढळ असतो.

दादा हसले. म्हणाले, "माहेरचं माणूस म्हणतात ते हे असं." आणि स्टुलावर बसले.

मी फाइलचे सांडलेले कागद गोळा करत दहा पावलं गेले असेन. मागून आवाज आला, खट्धाड. एकच आवाज. आणि मग किंकाळी. ती मी लिहू शकत नाही.

दट्ट्या खालीच होता. दादांचा उजवा हात तळव्यापर्यंत दिसत होता आणि पुढे दिसत नव्हता. दोघांनी पहारी घालून बाजूचं मोठं चाक उलटं फिरवलं तेव्हा दट्ट्या बोटबोट वर सरकला. कोणीतरी दादांच्या तोंडात रुमाल कोंबला. मी माझी ओढणी हाताला गुंडाळली आणि गुंडाळताना जे हाताला लागलं त्यावरून कळलं की आत आता बोटं राहिलेली नाहीत. दादा शुद्धीवर होते. माझ्याकडे बघून म्हणाले, "ताई, पाय ठेवला फक्त."

त्यांना गाडीत घालेपर्यंत शेडमध्ये मारामारी पेटली होती. सुपरवायझर परत आला आणि पहिलं वाक्य बोलला, "पिया हुआ होगा." त्यानंतर त्याला बोलता आलं नाही. चाळीस माणसं त्याच्यावर तुटून पडली. पान्हे, पट्ट्या, लाथा. त्याचा एक दात माझ्या चपलेपाशी येऊन पडला. कोणी पॅनेलवर हातोडा उगारला, त्याला मीच ढकललं, कारण पॅनेल फुटलं असतं तर काय झालं ते कधीच कळलं नसतं. गार्ड आले, त्यांनी दिसेल त्याला काठ्या घातल्या. एक काठी माझ्या खांद्यावर बसली. मी त्या गार्डच्या थोबाडीत ठेवून दिली. दादांच्या रक्ताने माखलेली माझी बोटं त्याच्या गालावर उमटली.

दुपारी मॅनेजरच्या केबिनमध्ये सगळं थंड झालं होतं. एसी, चहा, पंचनाम्याचा कागद. मॅनेजर सभ्य माणूस, आवाज चढवून बोलत नसे. त्याने विचारलं, "मैडम, पैनल पर टाइम कितना है?"

"एक हजार चौबीस."

"मतलब एक सेकंड से ज़्यादा. हाथ निकालने के लिए काफ़ी है?"

"जी, काफ़ी है."

"पैनल ठीक है?"

मी पॅनेल पाहून आले होते. पडद्यावर एक हजार चोवीस स्वच्छ दिसत होतं. मी म्हटलं, "ठीक है." त्याने कागद पुढे केला आणि मी सही केली. खरं सांगते, सही करताना सुटल्यासारखं वाटलं. चूक माझी नव्हती. पडदाच सांगत होता.

त्या सहीवर दादांचं काय होणार, हे तिथेच कळलं. दारू पिऊन मशीनवर बसला असं लिहून त्यांना काढणार होते. आणि बोटं गेलेल्या, दारुड्या म्हणून शिक्का बसलेल्या माणसाला मग पुण्यात काय, कुठल्याच कारखान्याच्या फाटकात कोणी उभं केलं नसतं. पंधरा दिवसांनी चौकशी होती. तोवर प्रेसला साखळी.

कंपनीच्या बसमधून परतताना माझ्या शेजारी एक कामगार बसला होता, ओठ फुटलेला. तो म्हणाला, "मैडम, आपने आवाज़ सुनी थी?" मी म्हटलं, हो. "बीच में साँस नहीं थी," तो म्हणाला. एवढंच बोलून तो खिडकीबाहेर बघत राहिला. चार महिने मी तो ताल ऐकला होता. खट्, श्वास, धाड. आज श्वास नव्हता, हे माझ्या कानांना सकाळीच कळलं होतं. आणि सही करताना मी कानांचं ऐकलं नव्हतं, पडद्याचं ऐकलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिसातल्या चाचणीच्या कंट्रोलरला मी एक हजार चोवीस पाठवले आणि त्याच्या पोटात काय पोचलं ते छापून काढलं. कागदावर आलं, चार.

चार मिलिसेकंद. डोळा मिटायलासुद्धा त्याहून कितीतरी जास्त लागतो.

मोठा आकडा मेमरीच्या एका घरात मावत नाही, त्याला दोन घरं लागतात. दोन पुडांचा डबा समजा. एका पुडात दोनशे छप्पन्नाचे गठ्ठे किती, दुसऱ्यात वर उरलेले सुटे. पॅनेलची चिप सुटे आधी ठेवते, गठ्ठे मागून. कंट्रोलरची चिप समजते की आधी आले ते गठ्ठे. एक हजार चोवीस म्हणजे चार गठ्ठे आणि सुटे शून्य. पलीकडे वाचलं गेलं, गठ्ठे शून्य, सुटे चार. आणि सातशे एक्काहत्तर? तीन गठ्ठे, तीन सुटे. उलटं वाचा, सुलटं वाचा, तेच! ज्या एका आकड्यावर आम्ही सगळी चाचणी केली, तो नेमका दोन्हीकडून सारखा. यादीतले बाकीचे आकडे एकेका घरात मावणारे, त्यांना उलटं-सुलटं नव्हतंच. विषम घराची चूक लाल दिवा लावून ओरडली होती, म्हणून सापडली. ही चार महिने गप्प बसून राहिली.

चार ओळी लिहायच्या होत्या हो, चार! पाठवताना आकडा आपल्या हाताने फोडायचा, आधी गठ्ठे टाकायचे, मग सुटे. घेणाऱ्याने त्याच क्रमाने एकेक घर उचलायचं आणि गठ्ठ्यांना दोनशे छप्पन्नाने गुणून सुटे मिळवायचे. मग चिप कुठल्याही घराण्याची असो, घर सम असो की विषम, काही बिघडत नाही, कारण तिच्या सवयीवर आपण काही सोडलेलंच नसतं. आजही माझ्या हाताखालची मुलं यादी उचलून तारेवर टाकताना दिसली की मी किंचाळते. मॅडमच्या नाकावर राग असतो म्हणतात. म्हणू देत.

मग मी कागद घेतला आणि हजाराचं काय झालं असतं ते मांडलं. मांडलं आणि घडी करून पर्समध्ये खोल घातलं.

सरांना सगळं सांगितलं. त्यांनी छापलेला कागद उलटा करून ठेवला. मग मऊ आवाजात म्हणाले, "बेटा, साइन तूने किया है. नंबर तूने डाला है. अब चुप रह. उसकी उँगलियाँ तो वापस आएँगी नहीं." मी टेबलावरचं पेपरवेट उचललं. सरांनी हात डोक्यावर घेतले. ते त्यांना मारायची माझी इच्छा होती, देवाशपथ होती, पण शेवटच्या क्षणी हात वळला आणि पेपरवेट त्यांच्या मॉनिटरवर आदळलं. फाडकन आवाज झाला, काच सगळीकडे उडाली, एक तुकडा सरांच्या कपाळात घुसला. कपाळ धरून ते म्हणाले, "निकल." मी निघालेच होते.

चौकशीच्या दिवशी मी मानेसरच्या नाक्यावरून तीन दुधी भोपळे घेतले आणि कारखान्यात गेले. दादा आले होते. बायको गावाहून आली होती, पण थालीपीठ खायला नव्हे. ती फाटकाबाहेर बसली होती, कामगार नसलेल्यांना आत सोडत नव्हते. दादांचा उजवा हात पांढऱ्या गाठोड्यासारखा गळ्यात अडकवलेला. दाढी वाढलेली. माझ्याकडे बघून ते हसले. मी तेव्हाच मेले असते तर बरं झालं असतं.

मी मॅनेजरला म्हटलं, "चेन हटाइए. दस मिनट दीजिए मुझे." सुपरवायझर सुजलेल्या तोंडाने नको नको करत होता. मॅनेजरने हात वर केला आणि त्याला गप्प केलं.

पॅनेलवर मी सातशे एक्काहत्तर टाकलं. दुधीला सुतळी बांधून आत ठेवला. पेडल दाबलं आणि त्याच दमात सुतळी ओढली. खट्, श्वास, दुधी बाहेर, धाड. दुधीला ओरखडाही नाही. मग एक हजार चोवीस टाकलं. सगळ्यांना पडद्यावर दाखवलं. दुसरा दुधी आत, सुतळी हातात, पेडल. खट्धाड. सुतळीचं टोक तेवढं माझ्या हातात राहिलं. भोपळ्याचा गर मॅनेजरच्या शर्टावर, माझ्या तोंडावर, छताच्या दिव्यावर.

कामगारांतून एक आवाज उठला, गुरगुरल्यासारखा. सुपरवायझर दोन पावलं मागे गेला. मी मॅनेजरला सगळं सांगितलं, उलटं वाचलेल्या घरांचं, माझ्या कोडचं, माझ्या सहीचं. हिंदीत सांगितलं, म्हणजे सगळ्यांना कळावं. तो म्हणाला, "तो ग़लती आपकी है." मी म्हटलं, "मेरी है. लिखिए."

दादा पुढे आले. इतका वेळ ते फक्त दट्ट्याकडे बघत होते. मराठीत म्हणाले, "ताई, आता हजार टाका."

"काही गरज नाही, दादा. झालं सिद्ध."

"टाका तुम्ही."

हे कोणी विचारू नये म्हणून मी देवाला हात जोडून आले होते. मी हजार टाकले. तिसरा दुधी आत ठेवला. पेडल दाबलं. खट्.

आणि काहीच झालं नाही.

सगळे थांबले. दट्ट्या वरच. दादा दुधीकडे बघत होते. कोणीतरी खोकलं. मॅनेजरने घड्याळ पाहिलं. हजार म्हणजे तीन गठ्ठे आणि दोनशे बत्तीस सुटे, आणि उलटं वाचलं की दोनशे बत्तीस गठ्ठे. जवळजवळ एक मिनिट. एवढ्या वेळात माणूस हात काढतो, घाम पुसतो, पेडलकडे वाकून बघतो, शिवी घालतो, उठून फोरमनला बोलवायला जातो. माझ्या पर्समधल्या घडी केलेल्या कागदावर हेच होतं.

दादांच्या ओठांची हालचाल होत होती, ते बहुधा मोजत होते. चाळिसेक झाल्यावर ते म्हणाले, "हजारच म्हटलं होतं मी."

मी म्हटलं, "हो."

"हजारच म्हटलं होतं ना, ताई?"

"हो, दादा."

धाड. दुधीचा चेंदामेंदा झाला आणि कोणीही दचकलं नाही. दादा वळले आणि त्यांनी डाव्या हाताने माझ्या तोंडात मारली. पूर्ण ताकदीने. डाव्या हाताची सवय नसल्यामुळे निम्मी कानावर बसली, निम्मी जबड्यावर. माझं डोकं खांबावर आपटलं. तोंडात रक्ताची चव आली. दादा ढसाढसा रडायला लागले आणि तो डावा हात पुन्हा वर उचलला, पण तो मारायला आहे की डोळे पुसायला, हे त्यांनाही कळत नव्हतं.

गार्ड धावले, दोघांनी दादांना मागून धरलं. सुपरवायझर ओरडला, "देखा? देखा कैसा आदमी है?" मी खांबाला धरून उभी राहिले आणि असं किंचाळले की माझाच आवाज मला ओळखू आला नाही, "हाथ मत लगाना किसी ने! छोड़ो उन्हें!" त्यांनी सोडलं. मी मॅनेजरपुढे पंचनाम्याचा कागद धरला, माझी सही असलेला, त्याच्यासमोर फाडला, आणि नव्या कागदावर लिहिलं की आकडा मी भरला, यंत्राने तो माझ्या चुकीमुळे उलटा वाचला, ऑपरेटरने काहीही चूक केली नाही, तो प्यायलेला नव्हता. खाली मॅनेजरची सही घेतल्याशिवाय जागची हलले नाही. ओठातून गळणारं रक्त कागदावर पडलं ते तसंच राहू दिलं. दादांना काढलं नाही. पुढे स्टोअरमध्ये बसवलं असं ऐकलं. मी विचारायला गेले नाही.

संध्याकाळी घरी पोचले. आईने सवयीने आधी हातांकडे पाहिलं. हात स्वच्छ होते. ती विचारायला लागली, "आज कोणाला मा..." आणि तिची नजर वर गेली. गालावर बोटं उमटली होती, पाचही.

"कोणी मारलं?" आई म्हणाली. मग माझ्याकडे नीट बघून, "आणि तू? तू काय केलंस?"

"काही नाही."

तिने आतून बर्फ आणला. मी तो गालाला लावू दिला नाही.